साइड कॅरेक्टर (इंटरॅक्टिव्ह स्टोरी गेम)

साइड कॅरेक्टर म्हणजे स्टोरी गेममधलं असं पात्र जे प्लेयर स्वतः खेळत नाही, पण त्याच्याशी बोलतो, भांडतो, कधीकधी त्याला वाचवायचं की नाही हेही ठरवतो. कादंबरीत वाचक पान 40 वर आला म्हणजे मागची 39 वाचूनच आला असं लेखक धरून चालतो, इथे तसं चालत नाही, प्लेयर या पात्राला पहिल्यांदा भेटत असेल, पाचव्यांदा भेटत असेल किंवा भेटणारच नसेल, आणि तरी दरवेळी ते तेच माणूस वाटलं पाहिजे. खरी मेहनत इथेच आहे.

बहुतेक लेखक पात्राच्या कामापासून सुरुवात करतात, म्हणजे माहिती द्यायची, रस्ता अडवायचा की सोबत करायची. पण तेवढ्यावरच थांबलं तर पात्र तिकीट देणाऱ्या मशीनसारखं होतं, म्हणून त्याला स्वतःचं काहीतरी हवं असावं लागतं. समजा गेटवर एक पहारेकरीण आहे. पहिल्या ड्राफ्टमध्ये ती म्हणते, "परवानगीशिवाय आत सोडता येत नाही." दुसऱ्यात म्हणते, "लवकर बोल, माझ्या जागी येणारा अजून आला नाही आणि घरी पोर तापानं फणफणलंय." झालं, आता थाप मारणं, मदत करणं, तिच्या घाईचा फायदा घेणं, हे सगळे चॉइस आपोआप सुचतात.

मग खरी रिव्हिजन सुरू होते. प्लेयरनं पोरासाठी औषध आणून दिलं आणि ती संध्याकाळी पुन्हा तेच वाक्य बोलली की संपलं सगळं. म्हणून कोणाला काय माहीत आहे हे फ्लॅग लावून, म्हणजे काय घडलं याची गेममध्ये खूण ठेवून, सांभाळावं लागतं. इंकल स्टुडिओच्या इंक या स्टोरी गेम लिहायच्या भाषेत (2016 पासून ओपन सोर्स) कथेच्या कुठल्या भागात प्लेयर किती वेळा येऊन गेला हे आपोआप मोजलं जातं, तर क्रिस क्लिमस यांच्या ट्वाइन या अशाच गेम बनवायच्या टूलमध्ये (2009) कथेच्या सगळ्या ब्रांच, म्हणजे फाटे, नकाशासारख्या समोर दिसतात. मला विचाराल तर सगळ्यात कामाची पद्धत अगदी साधी आहे, एकाच पात्राचे सगळे डायलॉग वेगळे काढून सलग वाचायचे, आवाज कुठे बदललाय ते लगेच कळतं.

प्लेटेस्टमध्ये, म्हणजे गेम लोकांना खेळायला देऊन बघताना, पात्र आवडलं का हे विचारण्यापेक्षा लोक त्याचं बोलणं कुठे स्किप करतात ते बघावं. बाल्डर्स गेट 3 हा गेम ऑक्टोबर 2020 मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच खेळायला) आला आणि ऑगस्ट 2023 मध्ये पूर्ण रिलीज झाला, मधल्या काळात त्यातल्या विल या सोबतीच्या पात्राची कथा नव्यानं लिहिली गेली, त्याचा आवाजही बदलला, आणि लोकांना फार आवडलेला हॅल्सिन सोबतीच्या पात्रांमध्ये आला. रेकॉर्डिंग झाल्यावर एक ओळ बदलायची तरी कलाकाराला परत बोलवावं लागतं, त्यामुळे असे बदल त्याआधी उरकलेले बरे.

सगळ्यात अवघड म्हणजे मरू शकणारं पात्र. अर्ध्या प्लेयर्सना ते पुढे दिसणारच नाही म्हणून लेखक त्याला कमी लिहितात, मग वाचलेलं पात्र गप्प गप्प मागेच उभं राहतं. टेलटेलच्या वॉकिंग डेड गेममध्ये (2012) पहिल्या भागात कार्ली किंवा डग यातलं एकच वाचवता येतं, आणि जे वाचतं तेही तिसऱ्या भागात मरतं, म्हणजे दोन्ही ब्रांच परत एक होतात. लिहिणाऱ्याची यात सोय होते, पण मधल्या भागात त्या पात्राला भरपूर बोलू दिलं नसेल तर आपला चॉइस फुकट गेला असं प्लेयरला वाटतंच.