रिफंडेबल आणि ट्रान्सफरेबल: टक्के सारखे दिसतात, पैसे सारखे येत नाहीत

चित्रपटाच्या खर्चावर जॉर्जियात ३० टक्के टॅक्स क्रेडिट, न्यू मेक्सिकोत २५ टक्के. एवढंच वाचून अमेरिकेत शूटिंग कुठे करायचं हे ठरवू नये. दोन्ही आकडे खरे आहेत, पण न्यू मेक्सिको पैसे देतं आणि जॉर्जिया विकता येईल असं क्रेडिट देतं.

मुळात दोन्हीकडे मिळतं ते टॅक्स क्रेडिटच. राज्यात केलेल्या पात्र खर्चाच्या ठरावीक टक्के रकमेइतका राज्याचा कर माफ होतो. अडचण अशी की अमेरिकेत बहुतेक चित्रपटांसाठी आणि मालिकांसाठी वेगळी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढतात. त्या एलएलसीला राज्यात नफा जवळपास नसतोच, त्यामुळे भरायला करही नसतो. मग दहा लाख डॉलरची करमाफी तिच्या काय कामाची? ही कोंडी राज्यं दोन तऱ्हांनी फोडतात.

रिफंडेबल क्रेडिटमधून आधी देय कर असेल तर तो वळता होतो आणि उरलेली रक्कम राज्य रोख देतं. न्यू मेक्सिको आणि न्यूयॉर्क या गटातली. ट्रान्सफरेबलमध्ये राज्याकडून रोख येत नाही. ते क्रेडिट त्याच राज्यात कर भरणाऱ्या दुसऱ्या कुणाला तरी विकावं लागतं. डॉलरभर कर नव्वदेक सेंटांत भागतो, म्हणून घेणारे मिळतात. हा जॉर्जियाचा मार्ग.

आता हिशोब. पात्र खर्च ३५ लाख डॉलर धरू. जॉर्जियात ३० टक्क्यांनी १०,५०,००० डॉलरचं क्रेडिट बनतं. ९० सेंट भाव मिळाला तर ९,४५,००० हातात येतात, आणि त्यातून दलालाची फी व ऑडिटचा खर्च जातो. न्यू मेक्सिकोत २५ टक्क्यांनी ८,७५,००० होतात आणि राज्य ते पूर्ण देतं. कागदावर पाच टक्क्यांचं दिसणारं अंतर प्रत्यक्षात दोन टक्क्यांवर, फी गेल्यावर त्याच्याही खाली येतं. न्यू मेक्सिकोत अटी पूर्ण केल्या तर दर ४० टक्क्यांपर्यंत चढतो. मग पारडं सरळ उलटं फिरतं.

जॉर्जियाच्या ३० टक्क्यांची फोडही नीट पाहा. मूळ दर २० टक्के, आणि तोही राज्यात किमान ५ लाख डॉलर खर्च केल्यावर. वरचे १० टक्के मिळतात ते तयार चित्रपटात जॉर्जियाचा लोगो दाखवल्याबद्दल, किंवा राज्याने मान्य केलेली पर्यायी प्रसिद्धी केल्याबद्दल. वितरकाशी करार करताना लोगोची अट लिहायची राहिली आणि त्याने शेवटची श्रेयनामावली कापली, तर क्रेडिटचा तिसरा हिस्सा गेला. ही चूक पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे. दुसरी गळती पगारात होते. नियमित पगारावरच्या व्यक्तीचा एका निर्मितीत ५ लाख डॉलरपर्यंतचाच पगार पात्र धरतात. कलाकार लोन-आउट कंपनीमार्फत, म्हणजे स्वतःचं काम पुरवण्यासाठी काढलेल्या स्वतःच्याच कंपनीमार्फत आला, तर त्या रकमेवर राज्याचा कर कापून भरावा लागतो. तो कापला नाही तर तो खर्च ऑडिटमध्ये अडकतो.

विक्रीचा भाव बाजार ठरवतो. राज्यात मोठे करदाते किती, त्या वर्षी किती क्रेडिट विकायला आली, वर्षअखेर किती जवळ आहे, यावर तो हलतो. जॉर्जियात क्रेडिटवर वार्षिक मर्यादा नाही. निर्मात्याच्या सोयीची गोष्ट, पण त्यामुळे बाजारात मालही भरपूर असतो. ऑडिट पूर्ण झाल्याशिवाय क्रेडिट विकता येत नाही, तेव्हा खर्चाच्या पावत्या शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून विक्रेत्याच्या पत्त्यासह लावून ठेवाव्यात.

रिफंडेबलमध्ये भावाची चिंता नाही, वेळेची आहे. न्यू मेक्सिकोने वर्षाला किती रक्कम द्यायची याला मर्यादा घातली आहे. ती संपली की उरलेले दावे पुढच्या वर्षाच्या रांगेत जातात. तोवर बँकेकडून त्या क्रेडिटवर कर्ज काढलं असेल, तर व्याज चालूच राहतं. कॅलिफोर्नियाने २०२५ पासूनच्या कार्यक्रमात रिफंडची सोय केली, पण रक्कम थोडी कापून आणि अनेक वर्षांत विभागून मिळते. म्हणून ‘रिफंडेबल’ या शब्दावर न थांबता किती सेंट आणि कोणत्या वर्षी, हे विचारावं.

दोन राज्यं मधल्या वाटेवर आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये २५ टक्के क्रेडिट मिळतं. ते राज्याला परत देऊन दर्शनी किमतीच्या ९० टक्के घ्या, नाहीतर बाजारात विका. दलाली वजा जाता ९० सेंटांच्या वर भाव येत असेल तरच विकण्यात अर्थ आहे. लुईझियानाने तर २०१७ मध्ये तिऱ्हाइताला विकण्याची वाट बंद केली. तिथे क्रेडिट राज्यालाच ९० टक्क्यांना परत जातं आणि हस्तांतर शुल्क कापून ८८ हातात पडतात.

आमच्या मते रिफंडेबल पद्धत जास्त सरळ आहे. ट्रान्सफरेबलमध्ये राज्य डॉलर सोडतं, निर्मितीला नव्वद सेंट पोहोचतात आणि मधले दहा सेंट चित्रपटाशी संबंध नसलेल्या खरेदीदाराकडे व दलालाकडे जातात.

विकणारच असाल, तर विक्रीकरारात एक कलम वकिलाकडून स्पष्ट करून घ्या: पुढे राज्याने क्रेडिटची काही रक्कम नामंजूर केली, तर ती खरेदीदार सोसणार की निर्माता. एलएलसी बंद झाली असेल तर खरेदीदार हमी किंवा विमा मागतो, आणि त्याचा खर्च तुमच्या नव्वद सेंटांतूनच जातो.