ट्रान्झिस्टरचे चौथे टोक: अडॅप्टिव्ह बॉडी बायसिंगची पार्श्वभूमी

मॉस ट्रान्झिस्टर शिकवताना गेट, सोर्स आणि ड्रेन ही तीन टोके फळ्यावर येतात. चौथे टोक, म्हणजे ज्या सिलिकॉनमध्ये तो ट्रान्झिस्टर घडवलेला असतो ती ‘बॉडी’, बहुधा सोर्सला जोडून टाकतात आणि विषय तिथेच मिटतो. प्रत्यक्षात बॉडीचे व्होल्टेज बदलले की ट्रान्झिस्टर ज्या पातळीला सुरू होतो ते थ्रेशोल्ड व्होल्टेजही बदलते. एनमॉस या प्रकारच्या ट्रान्झिस्टरची बॉडी सोर्सपेक्षा ऋण केली, म्हणजे रिव्हर्स बायस दिला, तर थ्रेशोल्ड वाढतो, गळती (बंद असतानाही वाहणारा प्रवाह) घटते आणि वेग मंदावतो. थोडा फॉरवर्ड बायस दिला तर याच्या उलट घडते. बॉडीला असे मुद्दाम वेगळे व्होल्टेज देणे म्हणजे बॉडी बायसिंग.

१९७० च्या दशकात बॉडीला वेगळे व्होल्टेज देणे नवलाचे नव्हते, मात्र ते स्थिर असे. १९७४ च्या इंटेल ८०८० ला +१२, +५ आणि −५ असे तीन पुरवठे लागत आणि त्यांतले −५ व्होल्ट सब्स्ट्रेटसाठी, म्हणजे चिपच्या पायथ्याच्या सिलिकॉनसाठी, असत. ४११६ या १६ किलोबिटच्या डीरॅम (मेमरी) चिपलाही ते आधी द्यावे आणि सर्वांत शेवटी काढावे लागे. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकात हा पुरवठा गेला की मेमरीच्या चिपा जळतात, हे जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. पुढे हे ऋण व्होल्टेज चिपमध्येच तयार होऊ लागले आणि सीमॉसच्या (एनमॉस आणि पीमॉस एकत्र वापरणाऱ्या तंत्राच्या) काळात बॉडी पुरवठ्याला किंवा ग्राउंडला कायमची बांधली गेली.

ती पुन्हा मोकळी करण्याची गरज १९९० च्या दशकात भासली. वीज वाचवण्यासाठी पुरवठ्याचे व्होल्टेज उतरवावे, तर वेग टिकवण्यासाठी थ्रेशोल्डही उतरवावा लागतो. आणि थ्रेशोल्ड साधारण ८० ते १०० मिलिव्होल्टने उतरला की बंद ट्रान्झिस्टरची गळती दसपट होते. जपानमध्ये कोबायाशी आणि साकुराई यांनी १९९४ मध्ये थ्रेशोल्ड आपोआप जुळवणारी योजना मांडली, तर १९९६ मध्ये कुरोदा आणि त्यांच्या तोशिबातील सहकाऱ्यांनी ०.९ व्होल्टवर चालणारा प्रतिमा-प्रक्रियेचा गाभा याच तत्त्वावर बांधून दाखवला.

‘अडॅप्टिव्ह’, म्हणजे परिस्थितीनुसार जुळवून घेणारे, हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभते ते इंटेलच्या २००२ च्या कामाला. एकाच वेफरवरच्या (सिलिकॉनच्या चकतीवरच्या) काही चिपा वेगवान पण गळक्या निघतात, काही काटकसरी पण मंद, आणि दोन्ही टोकांच्या चिपा नाकारल्या जातात. चान्झ, नरेंद्र, विवेक डे आणि सहकाऱ्यांनी १५० नॅनोमीटरच्या चाचणी-चिपवर असे सर्किट ठेवले की ते चिपमधील मार्गाच्या विलंबाची तुलना बाहेरून दिलेल्या क्लॉकशी (ठराविक ठोक्यांच्या संकेताशी) करी. फेज डिटेक्टरच्या, म्हणजे दोन संकेतांतला कोणता आधी येतो हे ओळखणाऱ्या सर्किटच्या, निकालानुसार काउंटर पुढे सरके आणि त्यातल्या अंकाचे व्होल्टेजमध्ये रूपांतर होऊन ते बॉडीला मिळे. मंद चिपेला फॉरवर्ड आणि गळक्या चिपेला रिव्हर्स बायस मिळाल्यामुळे चिपाचिपांमधील वेगाची तफावत सातपटीने घटली. माझ्या मते या तंत्राचा खरा गाभा बायस देण्यात नसून मोजण्यात आहे.

तरीही ते सर्वत्र रुजले नाही. ट्रान्सिस्टर लहान होत गेले तसा बॉडीचा थ्रेशोल्डवरील प्रभाव ओसरला. रिव्हर्स बायस वाढवावा तर जंक्शनमधून, म्हणजे सोर्स-ड्रेन आणि बॉडी यांच्या सांध्यातून, टनेलिंगची (इलेक्ट्रॉन अडथळ्यातून आरपार जाण्याची) गळती वाढे, आणि फॉरवर्ड बायस अर्ध्या व्होल्टच्या फार पुढे नेला तर तेथील डायोडच वाहू लागे. ट्रान्समेटा या प्रोसेसर कंपनीने लाँगरन२ या नावाने हेच तंत्र बाजारात आणले, परवानेही विकले, पण कंपनी टिकली नाही. इंटेलने २२ नॅनोमीटरला फिनफेट ही उभ्या पातळ पात्याची ट्रान्झिस्टर-रचना स्वीकारल्यावर तर चॅनेलवर, म्हणजे सोर्स ते ड्रेन या प्रवाहाच्या वाटेवर, जवळजवळ सगळी सत्ता गेटचीच उरली.

दुसरी वाट फ्रान्समधील ग्रेनोबल परिसरात निघाली. लेती ही संशोधनसंस्था, वेफर बनवणारी सॉइटेक आणि चिप कंपनी एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स यांनी पुढे आणलेल्या एफडी-एसओआय (विद्युतरोधक थरावर पातळ सिलिकॉन) रचनेत चॅनेलखाली सुमारे २५ नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइड असतो. तो मधे असल्यामुळे सोर्स-ड्रेन आणि बॉडी यांच्यातील डायोडची अडचण उरत नाही, बायस व्होल्टांच्या घरात नेता येतो, आणि २८ नॅनोमीटरच्या प्रक्रियेत दर व्होल्टमागे थ्रेशोल्ड सुमारे ८५ मिलिव्होल्टने हलतो. चिपा बनवणाऱ्या ग्लोबलफाउंड्रीजने २०१५ मध्ये जाहीर केलेली २२एफडीएक्स प्रक्रियाही बॉडी बायसिंग डिझायनरच्या हाती देते. त्यासाठी बायस जनरेटर आणि वेगवेगळ्या ‘वेल’ची (बॉडीसाठी वेगळ्या ठेवलेल्या सिलिकॉनच्या भागांची) आखणी यांचा जादा खर्च मात्र त्याला सोसावा लागतो.