तिरंग्यासोबत हे पानही घरी न्या

जुलै संपत आला की नौपाड्यातल्या आमच्या दुकानात तिरंगा घ्यायला गर्दी सुरू होते. सोसायटीचे सेक्रेटरी येतात, शाळेतले शिपाईकाका येतात, मंडळाची पोरं येतात, आजोबांचं बोट धरून नातवंडं येतात. यातलं एखादं नातवंड हमखास विचारतं, "आजोबा, हे तीन रंग कोणाचे?" आणि बहुतेक आजोबा सांगतात, केशरी हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. हा अर्थ एके काळी खरोखरच सांगितला जायचा. पण १९३१ साली तो विचारपूर्वक काढून टाकला गेला. गिऱ्हाईक उभं असताना ही सगळी हकीकत सांगणं जमत नाही, म्हणून हे पान छापून घेतलं आहे. ध्वज घेणाऱ्या प्रत्येकाला ते देतो.

सुरुवातीचे ध्वज आजच्यापेक्षा खूप वेगळे होते. ७ ऑगस्ट १९०६ रोजी कोलकात्यात फडकलेल्या ध्वजावर कमळं होती, सूर्य-चंद्र होते आणि मधल्या पट्ट्यावर 'वंदे मातरम्' लिहिलेलं होतं. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १९०७ रोजी, मादाम भिकाजी कामा यांनी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तशाच धर्तीचा ध्वज फडकवला. परक्या भूमीवर, जगभरच्या प्रतिनिधींसमोर. तो पुढे भारतात आला आणि पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवला गेला. ठाण्याहून पुण्याला जाणं होतच असतं. एकदा मुलांना घेऊन जरूर जा.

१९१७ च्या होमरूल चळवळीतला लोकमान्य टिळक आणि ॲनी बेझंट यांचा ध्वज पाहिला तर आज आश्चर्य वाटेल. पाच तांबडे आणि चार हिरवे आडवे पट्टे, त्यांवर सप्तर्षींचे सात तारे, आणि वरच्या एका कोपऱ्यात ब्रिटिशांचा युनियन जॅक. त्या वेळची मागणी साम्राज्यात राहून स्वराज्य मिळवण्याची होती, आणि ध्वजातही तेच उतरलं. १९२१ च्या नव्या ध्वजात तो कोपरा राहिला नाही.

आता रंगांकडे येऊ. १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, काँग्रेसची बैठक होती. आंध्रचे पिंगली वेंकय्या यांनी तिथे गांधीजींना ध्वजाचा नमुना दिला. त्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. चरखा असावा ही सूचना जालंदरच्या लाला हंसराज यांची. बाकीच्या सर्व धर्मांसाठी पांढरा पट्टा गांधीजींनी घालायला सांगितला. तयार झालेल्या ध्वजात पांढरा सर्वांत वर, मधे हिरवा आणि खाली लाल होता. संख्येने जे कमी त्यांना वरचं स्थान, असा त्यामागचा भाव होता. आजोबा सांगतात तो अर्थ या ध्वजाचा, फक्त केशरीच्या जागी तेव्हा लाल होता. आणि याच चरख्याच्या ध्वजासाठी १९२३ साली नागपूरला झेंडा सत्याग्रह झाला. ध्वज हातात घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्याने जायला सरकारने बंदी घातली होती. लोक तुकड्या-तुकड्यांनी जात राहिले आणि तुरुंग भरत राहिले. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर सूत्रं वल्लभभाई पटेलांनी हाती घेतली.

पण रंग धर्मांना वाटून दिले की वाटणी कधी संपत नाही. शिखांनी म्हटलं, आमचाही रंग घ्या, नाहीतर रंगांना धर्म चिकटवणंच सोडा. मागणी रास्त होती. म्हणून १९३१ च्या कराची अधिवेशनानंतर सात जणांची समिती नेमली गेली. सरदार पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या यांच्यासोबत काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकर त्यात होते. समितीने सुचवलं की ध्वज संपूर्ण एकाच, केशरी रंगाचा असावा आणि त्यावर तांबूस तपकिरी चरखा असावा. हे काँग्रेसला पटलं नाही. लोकांनी तीन रंगांखाली लाठ्या खाल्ल्या होत्या, ते तीन रंग सोडायला मन होईना. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत निर्णय झाला. लाल जाऊन केशरी आला आणि वर गेला, पांढरा मधे आला, हिरवा खाली, पांढऱ्यावर निळा चरखा. रंगांना जातीय अर्थ नाही हे ठरावातच स्पष्ट केलं गेलं. केशरी म्हणजे धैर्य आणि त्याग, पांढरा म्हणजे सत्य आणि शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा आणि शौर्य, चरखा म्हणजे सामान्य जनतेची आशा. आमच्या मते आपल्या ध्वजाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा बदल हाच. त्या दिवसापासून तिन्ही रंग प्रत्येकाचे झाले.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीत पंडित नेहरूंनी राष्ट्रध्वजाचा ठराव मांडला. सभागृहाला दाखवायला दोन ध्वज आणले होते, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. चरख्याच्या जागी चक्र का, याचं नेहरूंनी दिलेलं एक कारण आमच्यासारख्या ध्वज विकणाऱ्यांना फार जवळचं वाटतं. चरख्याला एका अंगाला चाक आणि दुसऱ्या अंगाला चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई. ध्वज उलट बाजूने पाहिला की चित्र उलटं दिसणार. चक्र दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं. म्हणून सारनाथच्या अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षावरचं चोवीस आऱ्यांचं चक्र घेतलं. चरखा गेला याचं गांधीजींना वाईट वाटलं होतं. ठरावाची भाषा मात्र मुद्दाम वाचावी अशी आहे. निळं चक्र हे चरख्याचं प्रतीक म्हणून असेल, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे चरखा ध्वजातून पुरता गेलेला नाही.

त्या ठरावात रंग दिले आहेत, पण रंगांचे अर्थ दिलेले नाहीत. कोणत्याही रंगाला जातीय अर्थ नाही एवढं नेहरूंनी भाषणात सांगितलं. त्याच दिवशी डॉ. राधाकृष्णन यांनी हिरव्याचं नातं माती आणि वनस्पतींशी जोडलं, केशरीचं निःस्वार्थ त्यागाशी, पांढऱ्याचं प्रकाशाशी आणि सत्याच्या मार्गाशी. चक्र म्हणजे धर्माचा नियम आणि गती. शाळेत शिकवतात तो अर्थ बराचसा इथून आला. ह. वि. कामत यांनी चक्रात स्वस्तिक असावं अशी दुरुस्ती सुचवली होती, पण ध्वज पाहिल्यावर ती मागे घेतली. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारतातल्या स्त्रियांच्या वतीने हंसा मेहता यांनी ध्वज सभागृहाला अर्पण केला.

आता तुमच्या हातातल्या ध्वजाविषयी.

लांबी आणि उंचीचं प्रमाण ३:२ असायला हवं. सरकारी मापं नऊ आहेत, सर्वांत मोठं ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि सर्वांत लहान १५० बाय १०० चं, टेबलावर ठेवायचं. घराच्या गॅलरीसाठी बहुतेक जण ९०० बाय ६०० नेतात. त्यातलं चक्र १८५ मिलिमीटर व्यासाचं असतं. घेताना ध्वज उजेडासमोर धरा. दोन्ही बाजूंची चक्रं एकमेकांवर तंतोतंत बसली पाहिजेत. सरकली असतील तर कडेला दुहेरी निळी रेघ दिसते. आरे मोजा, चोवीस भरले पाहिजेत. चक्राचा रंग गडद निळा हवा, काळपट किंवा आकाशी नको. मग नेफ्याची, म्हणजे दोरी ओवायच्या पट्टीची, शिवण ओढून पाहा, कारण दोरीचा सगळा ताण तिच्यावर येतो. आमच्याकडेही असंच पाहून घ्या, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही.

खादी की पॉलिस्टर? मन खादीकडे ओढतं. आपल्या मराठवाड्यात नांदेडला राष्ट्रध्वज तयार होतात, आणि हाताने कातलेल्या सुताचा ध्वज हातात घेतल्यावर मागची सगळी हकीकत आठवते. पण ऑगस्टमधला ठाण्याचा पाऊस खादी पिऊन घेते, ध्वज जड होतो आणि काठीला चिकटून राहतो. ध्वजसंहितेत, म्हणजे ध्वज वापरण्याच्या सरकारी नियमांत, ३० डिसेंबर २०२१ ला झालेल्या दुरुस्तीपासून यंत्रावर विणलेला आणि पॉलिस्टरचा ध्वजही चालतो. म्हणून घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतीची गच्ची किंवा पामबीच रस्त्यालगतची खाडीकडची सोसायटी असेल तर आम्ही पॉलिस्टर सुचवतो. सभागृह, शाळेचं व्यासपीठ, ऑफिस असेल तर खादीच. राष्ट्रध्वजावर जीएसटी नाही, कापड कोणतंही असो.

२००२ च्या ध्वजसंहितेने सर्वसामान्य नागरिकालाही वर्षभर ध्वज लावायची मोकळीक दिली, आणि जुलै २०२२ पासून घरी किंवा उघड्यावर लावलेला ध्वज रात्रीही ठेवता येतो. तरी रोज सकाळी एक नजर टाका. वाऱ्याने सर्वांत आधी मोकळी कड उसवते, आणि फाटलेला ध्वज लावता येत नाही. भिंतीवर उभा लावायचा असेल तर केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. इथे बरेच जण गोंधळतात. त्याच काठीवर मंडळाचा किंवा पक्षाचा झेंडा नको. ध्वजावर कसलीही अक्षरं नकोत, म्हणून मंडळाचं नाव छापून देण्याची विनंती आम्ही घेत नाही, ऑर्डर कितीही मोठी असो. फडकवण्याआधी आत फुलांच्या पाकळ्या ठेवायला मात्र पूर्ण परवानगी आहे.

उतरवल्यावर ओला ध्वज तसाच कपाटात ठेवू नका. आधी सावलीत वाळवा. घडी घालताना केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग दोन्ही टोकं आत घ्या, म्हणजे वर चक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसत राहतो. जीर्ण झालेला ध्वज फडकं म्हणून वापरू नये, कचऱ्यातही टाकू नये. तो अखंड, खासगीत, शक्यतो जाळून सन्मानाने नष्ट करायचा असतो. फ्लॅटमध्ये हे जमत नसेल तर दुकानात आणून द्या, कुठूनही घेतलेला असला तरी. कागदी झेंडेही आणा. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीनंतर आम्ही दारात त्यांच्यासाठी वेगळी पेटी ठेवतो.