अँटासिड आणि पँटॉप: दोन्हींना ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणणं आता पुरे

चतुर्थी आली की आमच्याकडे गोव्यात फार्मसीत हे ठरलेलं. पाच दिवस नेवऱ्या, खतखतं, रात्रीची आरती, मग अकरा वाजता जेवण, आणि सहाव्या दिवशी काउंटरवर “एक ॲसिडिटीची गोळी द्या हो”. समोरचा माणूस कात्रीने स्ट्रिपच्या दोन गोळ्या कापून देतो (एक्स्पायरी डेट नेमकी उरलेल्या तुकड्यावर राहते, पण ते असो), घेणारा तिथेच एक गोळी पाण्याबरोबर गिळतो आणि अर्ध्या तासाने म्हणतो, काय फरक नाही रे. दुकानदाराने दिली होती पँटॉप आणि त्याला हवं होतं जेल्युसिल. किंवा उलटं, रोज सकाळी उठून छातीत जळजळणारा माणूस वर्षभर डायजीन चघळत बसतो. फोंड्यात बघा नाहीतर म्हापशात, घोळ तोच.

अँटासिड सगळ्यांना माहीत आहे म्हणून पटकन संपवतो. जेल्युसिल, डायजीन, इनो. पोटात तयार झालेलं ॲसिड मारायचं, बस. मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड असतं, इनोमध्ये सोडा. पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं, रिकाम्या पोटी अर्धा-पाऊण तास टिकतं आणि जेवणानंतर घेतलं तर दोन-तीन तास, कारण अन्न असलं की औषध पोटात जास्त वेळ थांबतं. म्हणून अँटासिड जेवणानंतर. मॅग्नेशियमने पोट सुटतं, ॲल्युमिनियमने धरतं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. बीपीवाल्यांनी रोज इनो पिऊ नये, त्यात सोडियम बक्कळ असतं. झालं.

आता पँटॉप, पॅन, ओमेझ, रॅबेप्राझोल, म्हणजे ज्यांच्यातल्या औषधाच्या नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ येतं ती सगळी मंडळी. ही ॲसिडला हातच लावत नाहीत. हे वाक्य परत वाचा, कारण घोळ इथेच आहे. पोटात आत्ता जे ॲसिड आहे ते तसंच राहतं. गोळीवर एक कोटिंग असतं, ती पोटात विरघळायचीच नसते, पुढे लहान आतड्यात जाऊन विरघळते, रक्तात जाते आणि रक्तातून फिरून परत पोटाच्या भिंतीतल्या पेशींकडे येते. त्या पेशींवर ॲसिड बाहेर टाकणारे बारीक पंप असतात, त्यांना ती कायमची चिकटते. म्हणून ही गोळी चावायची नाही, कुटायची नाही, “गिळायला जड जाते” म्हणून आजीला चुरा करून द्यायची तर अजिबातच नाही, कोटिंग गेलं की पोटातलं ॲसिडच औषध खाऊन टाकतं.

आणि खरी मेख पुढे आहे. ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपाला धरू शकते, बंद पडून असलेल्याला नाही. रात्रभर उपाशी पोटी बरेचसे पंप आत निवांत असतात, आपण खायला बसलो की एकदम कामाला लागतात. गोळी रक्तात राहते जेमतेम दोन-चार तास. म्हणजे पंप चालू व्हायच्या वेळी गोळी रक्तात हजर पाहिजे. मानशीला (बांधातल्या पाण्याच्या दाराला) जाळं लावतात ना खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, ओहोटीचं पाणी सुटायच्या आधी लावून ठेवावं लागतं, पाणी वाहून गेल्यावर लावलं तर जाळ्यात काय येणार? तसंच. नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी गोळी, मग नाश्ता. आणि नाश्ता करायचाच, गोळी घेऊन दुपारी दोनपर्यंत चहावर राहिलात तर पंप हवे तसे जागेच होत नाहीत आणि औषध निघून जातं.

प्रत्यक्षात काय होतं? सकाळी भाजीपाव, वर मिरची भजी, चहा, मग आठवण येते “अरे गोळी राहिली” आणि ती घेतली जाते चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर. अगदीच वाया जात नाही पण पूर्ण काम करत नाही. महिनाभर असं करून मग “मला पँटॉप लागू पडत नाही, डबल डोस द्या”. डबल नको हो, आधी वेळ सुधारा.

दुसरं, पहिल्या दिवशी चमत्कार होत नाही. पहिल्या गोळीत काही पंप सापडतात, उरलेले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पूर्ण परिणाम यायला तीन ते पाच दिवस लागतात. एकदा पकडलेला पंप मात्र परत चालू होत नाही, शरीराला नवा बनवावा लागतो, म्हणून रक्तातून दोन-चार तासांत गेलेली गोळी दिवसभर पुरते. तेव्हा शनिवारी रात्री उर्राक (काजूची दारू) आणि चोरिस-पाव झाल्यावर जळजळलं म्हणून घेतलेली एक पँटॉप म्हणजे पैसे पाण्यात. त्या रात्री अँटासिडच घ्या. आणि पोट फुगलंय, ढेकर येत नाही, एवढ्यासाठी पँटॉप घेणाऱ्यांना तर काय बोलावं, ती गॅसची गोळी नाहीच.

जी गोष्ट कोणी सांगत नाही ती म्हणजे बंद करणं. बरेच महिने रोज घेऊन अचानक थांबवली की पोट आधीपेक्षाही जास्त ॲसिड काढतं. 2009 साली डेन्मार्कमध्ये 120 धडधाकट माणसांवर हे पाहिलं होतं, कोणालाही आधी त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली, निम्म्यांना नुसती खोटी गोळी. बंद केल्यावर खऱ्या गोळीवाल्यांत 44 टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असलं काहीतरी झालं, खोट्यावाल्यांत 15 टक्क्यांना. लोक याला “माझा आजार परत आला” समजतात आणि पुन्हा सुरू करतात, मग दहा वर्षं चालूच. वर्षानुवर्षं घेतली की बी12 कमी होतं, मधुमेहवाले मेटफॉर्मिनही घेत असतील तर आणखीच. अल्सरला, किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्या वयस्कांना ही लागतेच, त्यांनी हे वाचून मनानेच थांबवू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करतात.

पॅन-डी वेगळी. त्यातला डी म्हणजे डॉम्पेरिडोन, तो उलटी-मळमळीसाठी आणि पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून. हृदयाच्या ठोक्यांच्या भीतीने युरोपात 2014 मध्येच त्यावर मर्यादा आणल्या, 10 मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि साधारण आठवडाभरच. आपल्याकडे काका-मामा नाश्त्याआधी वर्षानुवर्षं पॅन-डी घेतात, कोणी एकदा लिहून दिलेली चिठ्ठी जपून. मला ही गोळी सरसकट देणं पटत नाही, मळमळ नसेल तर डी कशाला?

रॅनटॅक? तो तिसराच प्रकार, मधला. त्यातलं रॅनिटिडिन एनडीएमए या, कॅन्सरचा संशय असलेल्या, अशुद्धीमुळे 2020 मध्ये अमेरिकेने बाजारातून काढायला लावलं, 2022 मध्ये आपल्या आवश्यक औषधांच्या यादीतून गेलं. फॅमोटिडिन आहे त्याच्या जागी.

सोलकढीने ॲसिडिटी जाते म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. आमसूल आंबट असतं. आवडते म्हणून प्या. पण छातीत दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, डाव्या हातात कळ जातेय तर इनोही नको आणि पँटॉपही नको, थेट 108. शौच डांबरासारखं काळं झालं तरी थेट हॉस्पिटल.

आणि पावसाळ्यात एक वेगळंच. शेतात चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा ताप) डॉक्सी म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात, डॉक्सीने पोटात आग पडते म्हणून लोक तिच्याबरोबरच जेल्युसिल घोटतात. तिथे अँटासिड डॉक्सीला पोटातच बांधून ठेवतं, औषध रक्तात नीट जात नाही. दोघांत दोन-तीन तास अंतर पाहिजे, डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. अँटासिड आणि लोहाच्या गोळीचंही तेच, आणि थायरॉईडच्या गोळीला तर चार तास.