देवीचा रोग सगळ्यांना लस टोचून गेला? नाही!

देवीचा रोग गेला कारण जगात प्रत्येकाला लस टोचली, हे इतकी वर्षं फिरतंय की पोस्टरवरही तसंच छापतात, पण खरं तसं नाहीये आणि यात डॉ. विल्यम फेगींचं सगळ्यात मोठं काम झाकलं जातं, म्हणून लिहितोय.

डिसेंबर 1966, पूर्व नायजेरिया. फेगी तिथे मिशनरी डॉक्टर, साथीची बातमी आली आणि सगळ्यांना पुरेल एवढी लस नव्हतीच. मग त्यांनी नकाशा काढला, संध्याकाळी रेडिओवर आजूबाजूच्या मिशनऱ्यांना गाठलं आणि गावोगाव माणसं पाठवून पेशंट कुठे कुठे आहेत ते शोधायला लावलं. जिथे पेशंट तिथे आणि त्याच्या आसपासच्यांना लस. बस्स. साथ थांबली!

हे जमलं कारण देवी माणसाकडून माणसालाच व्हायची, अंगावरचे फोड लगेच ओळखू यायचे, आणि संसर्ग झाल्यावर तीन-चार दिवसांत लस दिली तरी बऱ्याचदा माणूस वाचायचा.

1974 ला बिहारमध्ये तर भयंकर साथ होती, मंत्री म्हणाले पुन्हा सरसकट लसीकरण करू, तेव्हा मीटिंगमध्ये एक तरुण भारतीय डॉक्टर उठून म्हणाला, आमच्या गावात एका घराला आग लागली तर पाणी त्याच घरावर ओततात, सगळ्या घरांवर नाही. मंत्र्यांनी एक महिना दिला. मे 1975 मध्ये भारतातला शेवटचा पेशंट सापडला.

सरसकट लसीकरण फुकट गेलं असं मुळीच नाही, त्याने साथ कमी झाली, पण संपवलं ते पेशंट शोधण्याच्या या कामानेच.