पहिला पगार इथला आणि तिथला: तुलनेमागचा इतिहास

कॅम्पस प्लेसमेंटचा हंगाम आला की मुंबईतल्या घराघरांत एकच हिशेब मांडला जातो: तिकडचा पगार गुणिले डॉलरचा दर, आणि समोर इथलं सीटीसी, म्हणजे कंपनी वर्षाला देऊ करते ते एकूण पॅकेज. हा प्रश्न शंभर वर्षं जुना आहे. आधी तो कामगारांबद्दल विचारला गेला, आणि माझ्या मते तेव्हाच तो जास्त नीट विचारला गेला होता.

मुंबई सरकारचं लेबर ऑफिस १९२१ मध्ये सुरू झालं. कामगारांचं धान्य, भाडं, कपडे, कर्जाचं व्याज यांवर किती जातं याची घरोघर पाहणी त्याने केली. या ऑफिसचे प्रमुख फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ मध्ये आला. घरची माणसं गावी ठेवून गाळ्यात राहणाऱ्या, खानावळीत जेवणाऱ्या एकट्या पुरुषांचा जमाखर्च त्यात वेगळा मांडला होता. हे फार शहाणपणाचं होतं.

१९२९ मध्ये फोर्ड कंपनीने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला विचारलं: डेट्रॉइटच्या कामगारासारखं राहायला युरोपातल्या शहरांत किती मजुरी लागेल? अडचण लगेच दिसली. डेट्रॉइटचा माणूस जे विकत घेतो ते युरोपातला कामगार घेतच नाही, मग भाव कशाचे जुळवायचे?

स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुस्ताव्ह कॅसल यांनी क्रयशक्ती समानतेची कल्पना १९१८ मध्येच मांडली होती: चलनांची तुलना बाजारातल्या दराने नव्हे, तर त्या पैशात त्या त्या देशात किती वस्तू येतात यावरून करायची. १९६८ पासून संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने तिच्यावर मोठा प्रकल्प उभारला. १९७० च्या पहिल्या फेरीतल्या दहा देशांत भारत होता. पण आता मोजणी घराची राहिली नाही, देशाची झाली. पुढे यूबीएस बँकेची भाव आणि पगारांची शहरवार पाहणी आली, १९८६ मध्ये एकाच बर्गरच्या देशोदेशीच्या किमती ताडून पाहणारा बिग मॅक निर्देशांक आला.

याच प्रकल्पाच्या २०१७ च्या फेरीत बाजारात डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता, क्रयशक्तीनुसार मात्र २०.६५ रुपयांचा. म्हणजे महिना ३०,००० रुपये बाजारदराने जेमतेम ४६० डॉलर, आणि क्रयशक्तीने साडेचौदाशेच्या आसपास. दुसरा आकडा सुखावतो, पण त्यात देशभराची सरासरी आहे: गावाकडचं भाडं, स्वस्त मजुरी, स्वस्त सेवा. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलीला पैसे मोजावे लागतात ते अंधेरीतल्या पीजीचे, डिपॉझिटचे, डब्याचे आणि लोकलच्या पासाचे. लॅपटॉप जवळपास जागतिक भावानेच मिळतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता तर या तुलनेत कुठेच बसत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी विद्यार्थी-कर्जाची वसुली पगार ठरावीक मर्यादेपुढे गेल्यावरच होते. आपल्याकडे सवलतीची मुदत संपली की पगार कितीही असो, हप्ता सुरू होतो.

आईवडिलांच्या घरी डोंबिवलीत राहणारा मुलगा आणि लातूरहून येऊन कुर्ल्यात खोली घेणारी मुलगी यांचा पगार सारखा असला, तरी हातात उरणारी रक्कम वेगळी असते. परदेशाशी तुलना करताना हे दोन हिशेब १९२३ च्या अहवालासारखे वेगळे मांडायला हवेत.