शिशाची विषारी संयुगं सांडणे : तातडीची कारवाई (खान्देश)

लेड नायट्रेट, लेड ॲसिटेट, मुरदाडशिंग (शिशाचा पिवळसर ऑक्साइड), शेंदूर, पीव्हीसी प्लास्टिक उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात पडणारं लेड स्टॅबिलायझर, जुन्या बॅटरीतला राखाडी लगदा, यातलं काहीही रस्त्यावर, गोडाऊनमध्ये नाहीतर रेल्वे यार्डात सांडलं की विष माणसात, पाण्यात आणि मातीत जायच्या आत जे करायचं असतं ती ही तातडीची कारवाई. क्लोरीन लीक झाला तर माणूस नाक दाबून पळतो, शिशाच्या पावडरीचं तसं नाही, तिला फारसा वास नाही, लांबून डोळे चुरचुरत नाहीत, पांढरी नाहीतर पिवळी पावडर दिसते आणि लोक चुना किंवा खत समजून चपलांसकट त्यात उभे राहतात. लेड ॲसिटेट तर चवीला गोड, जुनं नावच शिशाची साखर, म्हणून लेकरांना त्याच्यापासून लांब ठेवायला एक माणूस वेगळाच लागतो.

खान्देशात हा विषय रस्त्यांमुळे येतो. सुरत-नागपूर हायवे आणि मुंबई-आग्रा रोड धुळ्यात एकमेकांना भेटतात, लळिंग आणि बिजासन हे घाट अवजड गाड्यांचे, चाळीसगावजवळचा कन्नड घाटही २०२३ मध्ये अवजड गाड्यांना बंदी येईपर्यंत तसाच होता, भुसावळला मोठं रेल्वे जंक्शन, आणि जळगावची तर ओळखच पाइप आणि चटईची. पीव्हीसी पाइपात पूर्वापार शिशाचं स्टॅबिलायझर वापरलं जायचं, ते बंद करत नेण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम काढले. शिवाय गावोगाव इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बाद बॅटऱ्या भंगारच्या टेम्पोतून फिरतात त्या वेगळ्याच.

गाडी कलंडली की आधी ड्रायव्हरकडे धावणं साहजिक आहे आणि जखमीला बाहेर काढायलाच पाहिजे, पण जाताना वारा पाठीवर घेऊन जायचं, तोंडाला ओला रुमाल तरी बांधायचा (तो खरा मास्क नव्हे, पण काहीच नसण्यापेक्षा बरा). मग लांबूनच गाडीवरचा फलक वाचायचा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे धोकादायक मालाच्या गाडीवर मालाचं नाव, युएन नंबर (त्या मालाचा जगभर एकच असलेला चार आकडी नंबर) आणि इमर्जन्सीचे फोन नंबर लागतात, ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड असतं, म्हणजे अपघातात काय करायचं ते लिहिलेला कागद. २२९१ म्हणजे पाण्यात विरघळणारं शिशाचं संयुग, १६१६ लेड ॲसिटेट, १४६९ लेड नायट्रेट, २७९४ ॲसिड भरलेल्या बॅटऱ्या. ११२ ला फोन करताना हा नंबर आधी सांगा, त्यावरून फायर ब्रिगेड काय सामान घेऊन निघायचं ते ठरवतं. २२९१ किंवा १६१६ ची पावडर असेल तर चहूबाजूंनी निदान २५ मीटर, पातळ द्रव असेल तर ५० मीटर जागा मोकळी करायची.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ते सांगतो, झाडू आणि पाण्याचा पाइप. कोरडा झाडू मारला की पावडर हवेत उडते आणि शिसं शरीरात जायचा सगळ्यात सोपा रस्ता फुप्फुसाचाच आहे. पाण्याने धुतलं की तेच शिसं नाल्यातून पांझरा, गिरणा, वाघूर नाहीतर सरळ तापीत. एप्रिल-मेत पारा ४५ पर्यंत जातो, गरम वारा सुटलेला असतो, तेव्हा पावडरीवर आधी ताडपत्री किंवा प्लास्टिक टाकून कडेला माती-दगड ठेवायचे, उचलताना पाण्याचा बारीक फवारा मारायचा, ओघळ जाईल इतका नाही. पावसाळ्यात उलट, ताडपत्रीइतकाच उताराकडचा मातीचा बांध महत्त्वाचा, आणि खाली पाणी उचलणारी गावं असतील तर ग्रामपंचायतीला सांगून मोटारी बंद करायच्या. ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स बंदरात २००६-०७ मध्ये लेड कार्बोनेटची नुसती धूळ उडत राहिली तर हजारो पक्षी मेले आणि घरांच्या पावसाच्या टाक्यांतही शिसं सापडलं, तिथे कुठला ट्रक उलटला नव्हता.

दुसरी चूक गोण्यांची. फुटलेल्या गाडीवरून लोक माल नाही तरी रिकामी गोणी उचलून नेतात, आणि तीच धुऊन ज्वारी, मका भरायला वापरतात. भाऊ, ती गोणी घरात नकोच, दहा वेळा धुतली तरी नको.

माल उचलणं ट्रेनिंग घेतलेल्या माणसांचं काम, त्यांना धूळ गाळणारा रेस्पिरेटर, ग्लोव्हज आणि पूर्ण अंगाचा सूट लागतो, साधा व्हॅक्युम क्लीनर चालत नाही कारण तो बारीक धूळ मागून परत बाहेर सोडतो, अगदी बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टरवालाच पाहिजे. पातळ द्रावण कोरड्या मातीत नाहीतर वाळूत शोषून घेतात, साठवून ठेवलेल्या पाण्यात सोडा ॲश (धुण्याचा सोडा) टाकला की विरघळलेलं शिसं कार्बोनेट होऊन खाली बसतं, मात्र कॉस्टिक सोड्यासारखी जहाल अल्कली जास्त पडली की ते परत विरघळतं, म्हणून हे केमिस्टनेच करावं. लेड नायट्रेट स्वतः जळत नाही पण कागद-लाकूड भडकवतं आणि तापलं की तांबूस विषारी धूर सोडतं. बॅटरीच्या ॲसिडला चुना चालतो. गोळा केलेला माल आणि वरची माती घातक कचऱ्यात मोडते, ती गावाच्या उकिरड्यावर टाकता येत नाही, पुण्याजवळच्या रांजणगाव किंवा नागपूरजवळच्या बुटीबोरीसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रातच पाठवावी लागते.

अंगावर पावडर पडली तर कपडे तिथेच काढून पिशवीत बांधायचे, साबणाने अंघोळ, नखं घासायची, तोवर तंबाखू-विडी-पाणी काही नाही, कारण हातावरून तोंडात जातं. पोटात गेलं असेल तर बोटं घालून उलटी काढू नका, दवाखाना गाठा. पोटात कळा, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड हे उशिरा दिसतं, म्हणून रक्तातलं शिसं तपासणं हाच खरा पुरावा, आणि गर्भवती बाई व लहान पोरं यांची तपासणी आधी. विषबाधा जास्त असेल तर डॉक्टर सक्सिमर किंवा कॅल्शियम इडीटीए ही शिसं लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं देतात.

आपल्या काळ्या मातीबद्दल एक गोष्ट. ही चिकण, अल्कधर्मी माती शिसं धरून ठेवते, त्यामुळे ते विहिरीत लवकर उतरत नाही, पण वरच्या थरात वर्षानुवर्षं राहतं, आणि उन्हाळ्यात पडलेल्या भेगांमध्ये पावडर शिरली तर नुसता वरचा थर खरवडून भागत नाही. गुरं रस्त्याकडेला चरतात, फुटलेली बॅटरी खारट लागते म्हणून चाटतात, मग आंधळी होतात, गोल गोल फिरतात, दात खातात. अशी जागा साफ झाली तरी मातीचा रिपोर्ट येईपर्यंत काटेरी कुंपण घालून ठेवायचं, आणि तिथे चरलेल्या गाई-म्हशीचं दूध व्हेटर्नरी डॉक्टरला विचारल्याशिवाय डेअरीला घालायचं नाही, घरातही प्यायचं नाही.